कृपेचा पुरावा

१६३७ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीच्या सरकारनं एक यादी काढली. यादीत ७५ पुरुषांची नावं होती, त्यांतली ५८ एकट्या बोस्टन गावातली. या सगळ्यांनी आपापल्या बंदुका, पिस्तुलं, तलवारी, दारू, गोळ्या आणि जामग्या महिनाअखेरीच्या आत जमा कराव्यात, बोस्टनकरांनी त्या कॅप्टन कीनच्या घरी नेऊन द्याव्यात, असा हुकूम सुटला. यादीतली माणसं दरोडेखोर नव्हती. व्यापारी, कारागीर, चर्चचे सभासद अशी चारचौघांतली माणसं होती ती. कॅप्टन जॉन अंडरहिल तर सहाच महिन्यांपूर्वी याच वसाहतीसाठी लढाई मारून आला होता. यांतल्या बहुतेकांचा अपराध एवढाच, की त्यांनी एका धर्मोपदेशकाच्या बाजूनं लिहिलेल्या अर्जावर सही केली होती. आणि त्या धर्मोपदेशकाचा अपराध? देवाच्या कृपेवर केलेलं एक प्रवचन.

देवाची कृपा फुकट मिळते की तिच्यासाठी काही करावं लागतं, या वादात बंदुका काढून घेण्याची वेळ का यावी?

ख्रिस्ती धर्मातलं हे सगळ्यांत जुनं घरगुती भांडण आहे. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते आणि मोशेनं दिलेलं नियमशास्त्र त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. मग बिगरयहुदी लोक येशूला मानू लागले. त्यांनी सुंता करावी का? खाण्यापिण्याचे निर्बंध पाळावेत का? पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सपशेल नकार दिला: नियमशास्त्र पाळून कुणी देवापुढे नीतिमान ठरत नाही, ठरतो तो विश्वासानं. पण हे म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न उभा राहतोच, आणि पौलानंच तो रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःला विचारून घेतला: कृपा जर अशी उदंड असेल, तर पाप करत राहिलं म्हणून काय बिघडलं? त्याचं उत्तर नकारार्थी होतं, पण प्रश्न मिटला नाही. पाचव्या शतकात पेलाजियस म्हणाला की माणसाला देवाच्या आज्ञा पाळता येतात, म्हणून तर देव त्या देतो. ऑगस्टीननं त्याला अखेरपर्यंत विरोध केला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसची शिकवण निषिद्ध ठरवली. अकराशे वर्षांनी मार्टिन लूथरनं कृपेचा झेंडा पुन्हा उंच धरला. तेव्हा त्याचाच शिष्य योहान अ‍ॅग्रिकोला गुरूच्या पुढे गेला. दहा आज्ञांची जागा कचेरीत आहे, चर्चच्या व्यासपीठावर नाही, अशा अर्थाचं तो बोलू लागला. लूथर चवताळला. १५३७ पासून त्यानं या मताविरुद्ध जाहीर वादसभा घेतल्या, आणि नियमशास्त्र धुडकावणाऱ्या या लोकांना नाव दिलं ‘अँटिनोमियन’. बरोबर शंभर वर्षांनी हाच शब्द बोस्टनमध्ये शिवीसारखा फिरत होता.

आपल्याकडच्या वाचकाला हा वाद अगदीच परका वाटू नये. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत माकडीचं पिलू आणि मांजरीचं पिलू असे दोन पक्ष पडलेच होते: पिलानं आईला घट्ट धरायचं, की आईनंच पिलाला तोंडात धरून न्यायचं? फरक एवढाच, की तिथं या प्रश्नावर मतदानाचा हक्क अवलंबून नव्हता. बोस्टनमध्ये होता.

ते कसं, हे पाहू. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली आलेल्या या प्युरिटन लोकांची पक्की धारणा होती की तारण केवळ कृपेनं होतं. कोण तरणार आणि कोण नाही, हे देवानं अनादिकाळापासून ठरवून ठेवलं आहे, माणसाच्या पुण्यकर्मानं त्यात तसूभर फरक पडत नाही. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण निवडलेल्यांत आपण आहोत की नाही, हे ओळखायचं कसं? त्यावर बहुतेक धर्मोपदेशकांचं उत्तर असं: चांगल्या आचरणानं कृपा मिळत नाही, मात्र कृपा मिळालेल्याचं आचरण चांगलं होतं. म्हणजे आचरण हे कारण नव्हे, खूण आहे. झाडावरून फळ नाही, फळावरून झाड ओळखायचं.

तत्त्व म्हणून हे नीटस आहे. पण १६३१ मध्ये वसाहतीनं ठरवलं की मतदानाचा हक्क फक्त चर्चच्या सभासदांना. आणि चार-पाच वर्षांत रिवाज असा पडला की सभासद व्हायचं असेल तर सगळ्या मंडळीसमोर उभं राहून, देवाची कृपा आपल्यावर कधी आणि कशी झाली, याची हकिगत सांगायची आणि ती लोकांना पटवून द्यायची. झालं. कृपा आता नोंदवहीत आली. तिच्यावर मत आलं, पंचायतीतलं वजन आलं. आणि नोंदवहीत जे येतं त्याला पुरावा लागतोच. माझ्या मते बोस्टनच्या सगळ्या रामायणाचं मूळ इथं आहे, ग्रंथांतल्या मतभेदात नाही. कृपेचे दाखले द्यायला बसलेल्या सरकारला दिसणारी खूण हवी होती, आणि दिसते ती फक्त वागणूक. नियमशास्त्राला पौलानं पुढच्या दारानं घालवलं होतं, ते मागच्या दारानं आत येऊन हिशेबनीस होऊन बसलं.

नियमशास्त्र आणि कृपा हे दोन शब्द ख्रिस्ती मराठीत कसे रुळले, त्याचाही एक धागा बोस्टनला जातो. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी. त्यांना पाठवणाऱ्या मंडळाची स्थापना १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्याच ब्रॅडफर्ड गावी झाली होती आणि त्याची मुख्य कचेरी बोस्टनला होती. विन्थ्रॉपच्या प्युरिटन मंडळ्यांची जी परंपरा पुढे काँग्रिगेशनल म्हणून ओळखली गेली, तिचेच हे पाईक. अहमदनगरच्या ख्रिस्ती घरांत ‘नियमशास्त्र’ आणि ‘कृपा’ हे शब्द रोजच्या प्रार्थनेतले झाले, त्यात या परंपरेचा मोठा वाटा आहे.

आता त्या बाईकडे येऊ, जिनं हिशेबाची वहीच नाकारली.

अ‍ॅन मार्बरीचा जन्म १५९१ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या आल्फर्ड गावचा. बाप फ्रान्सिस मार्बरी धर्मोपदेशक, तोंडाचा फटकळ. अडाणी लोकांना पाळकपदावर नेमता, असं बिशपांच्या तोंडावर सांगून तुरुंगात गेलेला. आपल्या १५७८ च्या चौकशीतले सवालजवाब त्यानं स्वतः लिहून ठेवले होते, आणि त्यांत अर्थातच त्याचीच सरशी झालेली दिसते. मुलगी त्या घरात वाढली. १६१२ मध्ये तिचं कापडाचे व्यापारी विल्यम हचिन्सन यांच्याशी लग्न झालं. पुढे पंधरा बाळंतपणं झाली. या सगळ्या धबडग्यात ती सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या बोस्टनला – मूळच्या, इंग्लंडमधल्या बोस्टनला – जॉन कॉटन यांची प्रवचनं ऐकायला जायची. कॉटन कृपेवर बोलायचे ते वेगळं. माणसानं आधी स्वतःला तयार करावं, मग देव येतो, असं इतर उपदेशक सांगत. कॉटन म्हणत, तयारी कसली? मेलेला माणूस स्वतःला उठवायची तयारी करतो का?

१६३३ मध्ये सरकारी धर्माधिकाऱ्यांच्या ससेमिऱ्याला कंटाळून कॉटन अमेरिकेला निघून गेले. पुढच्याच वर्षी हचिन्सन कुटुंबानं बिऱ्हाड हलवलं आणि ज्या ‘ग्रिफिन’ जहाजानं कॉटन गेले होते, त्याच जहाजानं तेही गेले. जहाजावर झकराया सिम्स नावाचे धर्मोपदेशक होते. त्यांच्या प्रवचनांवर अ‍ॅननं वाटेतच टीका केली, आणि बोस्टनला उतरल्यावर त्यांनी ते लगोलग वरिष्ठांच्या कानावर घातलं. तिला मंडळीत घ्यायला त्यामुळे थोडे दिवस जास्त लागले. घर मिळालं ते विन्थ्रॉपच्या घरासमोरच. तिच्या दारात कोण येतं-जातं, हे त्याला खिडकीतून दिसत असणार.

आणि येणारे पुष्कळ होते. अ‍ॅन बाळंतिणींच्या मदतीला जायची, आजारी बायांना औषधपाणी सांगायची. अंथरुणाला खिळलेली बाई देवाविषयी विचारते, मरू की जगू विचारते, आपलं नाव निवडलेल्यांच्या यादीत असेल का विचारते. अ‍ॅन त्यांना कॉटनचं सांगायची. मग प्रवचनाला येऊ न शकलेल्या बायका तिच्या घरी जमू लागल्या. आधी नुसती प्रवचनाची उजळणी, मग त्यावर टिप्पणी. पुढे पुरुषही येऊ लागले. साठ-सत्तर, कधी ऐंशी माणसं. त्यांत व्यापारी होते, आणि १६३६ मध्ये निवडून आलेला अवघ्या २३ वर्षांचा गव्हर्नर हेन्री व्हेनही होता.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. चांगलं वागणं हा कृपेचा पुरावा होऊच शकत नाही, कारण ढोंगीसुद्धा चांगलं वागतो. खूण बाहेर नसते, पवित्र आत्मा आत साक्ष देतो. जे उपदेशक लोकांना आपापलं आचरण तपासायला लावतात ते तोंडानं कृपेचा करार सांगतात, पण प्रत्यक्षात कर्माच्या कराराखाली माणसाला पुन्हा जुंपतात. आणि असे उपदेशक वसाहतीत जवळजवळ सगळेच, कॉटन आणि तिच्या नणंदेचे यजमान जॉन व्हीलराइट एवढे दोघे सोडून. बोस्टनच्या मंडळीचे पाळक जॉन विल्सन प्रवचनाला उभे राहिले की काहीजण उठून बाहेर जाऊ लागले.

१६३६ चा ऑक्टोबर महिना मला या कथेत फार बोलका वाटतो. त्या महिन्यात विन्थ्रॉपच्या रोजनिशीत अ‍ॅनचं नाव पहिल्यांदा उमटतं, तल्लख आणि धीट बाई असं वर्णन करून तिच्या घातक चुकांची नोंद होते. त्याच महिन्यात जनरल कोर्ट, म्हणजे वसाहतीची विधिसभा आणि न्यायसभा दोन्ही, एका महाविद्यालयासाठी ४०० पौंड मंजूर करते. तेच पुढे हार्वर्ड. आणि त्याच महिन्यात जॉन कॉटन वसाहतीसाठी कायद्यांचा एक मसुदा सादर करतात. तो मसुदा कशावर बेतलेला? मोशेच्या नियमशास्त्रावर. फुकट कृपेचा सगळ्यांत मोठा वक्ता आणि मोशेचे कायदे सरकारी कायदे व्हावेत म्हणून खपणारा कायदेपंडित, हे दोघे एकच गृहस्थ होते, आणि त्यांना यात काही विसंगती वाटत नव्हती. आत्म्याला कृपा, गावाला कायदा. अ‍ॅनला ही विभागणी उमगली नाही, की मान्य नव्हती, ते सांगणं कठीण आहे. पण दगा तिला नेमका इथंच झाला.

१९ जानेवारी १६३७ हा उपासाचा दिवस जाहीर झाला होता, मंडळ्यांतली फूट सांधावी म्हणून. बोस्टनमध्ये व्हीलराइटला बोलायला सांगितलं आणि तो कर्माच्या करारावाल्यांशी आध्यात्मिक लढाई करण्याची भाषा बोलला. शस्त्र आत्मिकच असावं, हे तो म्हणाला होता. पण जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात शंभर वर्षांपूर्वी कृपेच्या नावानं झालेला रक्तपात त्या पिढीच्या डोळ्यांसमोर कायम असे. मार्चमध्ये कोर्टानं त्याला राजद्रोही ठरवलं. त्याच्या बाजूनं साठहून जास्त लोकांनी अर्ज केला. पुढे ज्यांच्या बंदुका गेल्या, त्यांतले बहुतेक हेच.

मे महिन्यातली निवडणूक मुद्दाम बोस्टनमध्ये न घेता नदीपलीकडे न्यूटाउनला घेतली. मोकळ्या माळावर हमरीतुमरी सुरू झाली. अर्ज आधी वाचायचा की मतदान आधी करायचं? तेव्हा पाळक विल्सन झाडावर चढले आणि वरून भाषण ठोकलं. अंगाखांद्यानं जड असलेल्या या गृहस्थांना झाडावर चढलेलं पाहूनच निम्मा माळ त्यांच्या बाजूचा झाला असावा. विन्थ्रॉप पुन्हा गव्हर्नर झाला, व्हेन पडला आणि ऑगस्टमध्ये इंग्लंडला परत गेला. नव्या सरकारनं लगेच कायदा केला की बाहेरून आलेल्याला मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तीन आठवड्यांहून जास्त राहू द्यायचं नाही. व्हीलराइटचे आणखी मित्र जहाजानं येणार असल्याची कुणकुण होती.

त्याच महिन्यात, २६ मे रोजी, इंग्रज वसाहतींच्या सैन्यानं मिस्टिक नदीकाठच्या, पेक्वॉट या मूळ रहिवाशांच्या गावाला आग लावली. शेकडो माणसं जळून किंवा पळताना मेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. सैन्याच्या म्होरक्यांत अंडरहिल होता. आपल्याला इथं थांबायला हवं. कारण याच लोकांना दहा आज्ञांची चाड इतकी, की त्यांचं महत्त्व कमी करणाऱ्या बाईला त्यांनी देशोधडीला लावलं, आणि ‘खून करू नकोस’ ही आज्ञा त्या दिवशी कुणाच्या आड आल्याचं दिसत नाही. अ‍ॅनच्या बाजूचे बोस्टनकर या मोहिमेवर जायला नाखूश होते, पण त्याचं कारण दया नव्हतं. सैन्याबरोबर पाळक म्हणून विल्सन जाणार होते, आणि कर्माच्या करारावाल्या पाळकामागे ते जाणार नव्हते.

३० ऑगस्टला न्यूटाउनमध्ये धर्मोपदेशकांची परिषद भरली. तिनं चुकीच्या मतांची मोजणी केली: ब्याऐंशी. शिवाय बाईनं दर आठवड्याला साठ-साठ माणसं जमवून शिकवणं बेशिस्त आहे, असा ठराव झाला. कॉटन तिथं बरेच नमते झाले.

मग नोव्हेंबर. आधी व्हीलराइटला हद्दपारी झाली. ७ तारखेला न्यूटाउनच्या थंडगार सभागृहात अ‍ॅन हचिन्सन उभी राहिली. वय ४६. समोर मॅजिस्ट्रेट आणि प्रतिनिधी मिळून चाळीसेक पुरुष, साक्षीला धर्मोपदेशक. फिर्यादी विन्थ्रॉप, मुख्य न्यायाधीशही विन्थ्रॉप. तिला वकील नाही, आरोपपत्र नाही. वसाहतीत लेखी कायदेसंहिताच नव्हती, ती आली १६४१ मध्ये.

म्हणून तिचा पहिला प्रश्नच वर्मी लागला: मी कोणता नियम मोडला? विन्थ्रॉप म्हणाला, पाचवी आज्ञा, आईबापांचा मान राखण्याची. राज्याचे अधिकारी हे आईबापांच्या जागी. ती म्हणाली, आईबाप देवाविरुद्ध सांगत असतील तर? घरी सभा घ्यायचा अधिकार कुठून आला? तिनं पौलानं तीताला लिहिलेलं पत्र पुढे केलं: वडीलधाऱ्या बायकांनी तरुणींना शिकवावं. आणि अक्विल्ला व प्रिस्किल्ला या नवराबायकोनं अपुल्लोस नावाच्या विद्वानाला घरी नेऊन शिकवलं, तेही बायबलातच आहे. मी घरी आलेल्यांना हाकलून द्यावं असा नियम दाखवा. त्यांना दाखवता आला नाही. तिच्या चेहऱ्यावर थकवा दिसू लागल्यावर तिला बसायला परवानगी मिळाली, पण तोवर दमछाक विन्थ्रॉपची झाली होती. गंमत अशी, की नियम नाकारल्याचा आरोप असलेली बाई दिवसभर नियम मागत होती आणि नियमाचे रक्षक तो शोधत होते.

संध्याकाळी धर्मोपदेशकांनी साक्षी दिल्या: वर्षापूर्वी कॉटनच्या घरी झालेल्या बैठकीत ती आम्हाला कर्माच्या कराराचे उपदेशक म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागणी केली की साक्षीदारांनी शपथ घेऊन बोलावं. उपदेशकांची पंचाईत झाली, कारण खोटी शपथ हे महापाप आणि वर्षभरापूर्वीचे शब्द कुणाला नेमके आठवतात? मग कॉटनना बोलावलं. ती असं म्हणाल्याचं मला आठवत नाही, असं ते म्हणाले. खटला तिथं जवळजवळ कोसळला.

आणि तेव्हा तिनं बोलायला सुरुवात केली. कुणी विचारलं नव्हतं. खरा उपदेशक आणि खोटा उपदेशक ओळखायची नजर देवानं मला कशी दिली, ते ती सांगू लागली. हे देवानंच सांगितलं, हे कशावरून, असं विचारलं गेलं. तिनं उलट विचारलं: आपल्या मुलाचा बळी द्यायला सांगणारा देवच आहे, हे अब्राहामानं कसं ओळखलं? ते तर आज्ञेचं उल्लंघन होतं! प्रत्यक्ष वाणीनं, असं कुणी म्हणताच ती म्हणाली, मलाही तसंच, थेट. पुढे तिनं सिंहांच्या गुहेतल्या दानीएलाची आठवण दिली, आणि तुम्ही याच वाटेनं गेलात तर तुमच्यावर आणि तुमच्या वंशजांवर शाप ओढवेल, असं बजावलं.

तिनं असं का केलं, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. थकली होती, भरीला पडली, अतिआत्मविश्वास नडला. मला वाटतं, ती फक्त आपल्या मताशी प्रामाणिक राहिली. दीड दिवस ती वचनाला वचन लावून, नियमाला नियम लावून जिंकत होती, म्हणजे समोरच्यांच्याच पद्धतीनं. बाहेरचा पुरावा खोटा आणि आतली साक्ष खरी, असं ज्या माणसाचं म्हणणं आहे, त्यानं कायद्याच्या तांत्रिक मुद्द्यावर सुटून घरी जाणं तिला रुचलं नसावं. मात्र विन्थ्रॉपची भीतीही मला पोकळ वाटत नाही. थेट देवाकडून येणाऱ्या आदेशावर अंकुश कुणाचा? अब्राहामाचा दाखला देणारा उद्या काय करील? माणूस दुष्ट नव्हता. गुन्हेगारांशी फार सौम्यपणे वागतो म्हणून सहकाऱ्यांनीच त्याला आदल्या वर्षी टोकलं होतं. पण त्या दिवशी तिच्याच तोंडून पुरावा मिळाल्यावर त्याला ती देवाची योजना वाटली, आणि मत घेतलं गेलं. कॉडिंग्टन आणि कोल्बर्न हे दोघे विरुद्ध, जेनिसन तटस्थ, बाकी सगळे हद्दपारीच्या बाजूनं. कशासाठी हद्दपारी, असं तिनं विचारलं. कशासाठी ते कोर्टाला माहीत आहे, एवढंच उत्तर मिळालं.

थंडीत प्रवास शक्य नव्हता, म्हणून तिला रॉक्सबरी गावात एका घरी नजरकैदेत ठेवलं. धर्मोपदेशक येऊन तिच्याशी वाद घालायचे आणि तिची उत्तरं टिपून न्यायचे. मार्च १६३८ मध्ये मंडळीनं तिची वेगळी चौकशी केली. सरकारनं शरीर हद्दपार केलं होतं, आता आत्म्याचा निकाल. या वेळी तिला समज देणारे होते खुद्द कॉटन. ज्यांच्यामागे ती समुद्र ओलांडून आली, तेच म्हणाले की तुझ्या मतांतून व्यभिचारापर्यंत सगळं ओघानं येईल. तिच्यावर तसला आरोप कुणीच केला नव्हता. तिनं लेखी माफी वाचून दाखवली, चुका कबूल केल्या. ते पुरलं नाही. पश्चात्ताप खरा वाटत नाही, चेहऱ्यावर दिसत नाही, असं ठरलं. विल्सन यांनी तिला बहिष्कृत केलं आणि बाहेर जायला सांगितलं. ती दाराकडे निघाली तेव्हा मेरी डायर नावाची तरुण बाई उठली, तिनं तिचा हात धरला आणि दोघी बाहेर पडल्या. याच मेरी डायरला क्वेकर झाली म्हणून बोस्टननं १६६० मध्ये फाशी दिलं.

अ‍ॅन आणि तिचे सोबती नॅरागॅन्सेट लोकांकडून जमीन घेऊन आताच्या ऱ्होड आयलंडमध्ये गेले. बोस्टनच्या मंडळीनं दोन वर्षांनी तिचं मन वळवायला माणसं पाठवली. तेव्हा विल्यम हचिन्सननं त्यांना सांगितलं की चर्चपेक्षा माझी गाठ बायकोशी जास्त घट्ट आहे. या मितभाषी कापडव्यापाऱ्याबद्दल इतिहासात फारसं काही नाही. पण एवढं एक वाक्य पुरेसं आहे. १६४१ मध्ये तो वारला. मॅसॅच्युसेट्स ऱ्होड आयलंडही गिळंकृत करील या धास्तीनं अ‍ॅन डच हद्दीत, आजच्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जाऊन राहिली. डच गव्हर्नर कीफ्टनं तिथल्या मूळ रहिवाशांच्या कत्तली केल्या होत्या. १६४३ च्या ऑगस्टमध्ये सिवानॉय लोकांनी सूड म्हणून वस्तीवर हल्ला केला, त्यात ती आणि तिच्याजवळची बहुतेक मुलं मारली गेली. धाकटी सुझॅना कैदेतून काही वर्षांनी परतली. बोस्टनच्या व्यासपीठांवरून हा देवाचा न्याय म्हणून सांगितला गेला. पेक्वॉट गाव जळालं तेव्हाही तेच सांगितलं होतं.

१९८७ मध्ये गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी तिला रीतसर माफी दिली. पण तिचा आवाज आपल्यापर्यंत आला तो दुसऱ्याच माणसामुळे. तिचा खापरपणतू टॉमस हचिन्सन हा मॅसॅच्युसेट्समधला राजाचा इमानदार अधिकारी आणि पुढे गव्हर्नर. कायदा म्हणजे कायदा, असा त्याचा बाणा. २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री स्टँप कायद्यावर चिडलेल्या बोस्टनकरांच्या जमावानं त्याचं घर उद्ध्वस्त केलं आणि तो लिहीत असलेल्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाचं हस्तलिखित रस्त्यावरच्या चिखलात फेकलं. शेजारचे पाळक अँड्र्यू एलियट यांनी पानं गोळा केली. दोन वर्षांनी, १७६७ मध्ये, तो खंड छापला गेला, आणि त्याच्या पुरवणीत न्यूटाउनच्या खटल्यातले सगळे सवालजवाब आहेत.